शिंग आणि गळा

१८९३ साली मुंबईत केशवसुतांनी ‘तुतारी’ लिहिली. मराठी कवितेत तिने काय घडवले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला मात्र ती वाचताना दर वेळी एक वेगळीच गोष्ट अडवते. कवी हा शब्दांचा माणूस, त्याचे साधन त्याचा गळा. आणि हा कवी रूढींविरुद्ध उभा राहताना गळ्यावर भिस्त ठेवत नाही. त्याला एक पोकळ वाद्य हवे आहे आणि त्यात तो छातीतला सगळा श्वास ओतणार आहे. गळ्यातून निघाला असता तर जो श्वास व्याख्यान झाला असता, तोच ओठांवाटे तुतारीत शिरला की ललकारी होणार आहे. माणूस तोच, छातीही तीच. मग आवाज नेमका कुठे घडतो आणि कुठे बदलतो?

केशवसुतांचा जन्म १८६६ चा, गणपतीपुळ्याजवळच्या मालगुंडचा. त्यांच्या मुलखात हा प्रश्न पुस्तकातून शोधावा लागत नाही. रत्नागिरीकडच्या गावांत फाल्गुन लागला की शिमग्याची तयारी सुरू होते. ग्रामदेवतेची रुपी, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी सजते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन बसते. ढोल-ताशा घुमू लागतो, सनई धरली जाते आणि या सगळ्या गजरावरून शिंगाचा आवाज उठतो. पलीकडच्या वाडीत चुलीशी बसलेल्या बाईलाही त्यावरून कळते की पालखी हलली. रत्नागिरी शहरात बारा वाड्यांच्या भैरीची पालखी निघते तेव्हाही हेच. मग वाद्ये थांबतात आणि गाऱ्हाणे घातले जाते. एकटा माणूस उघड्यावर उभा राहून खड्या आवाजात देवाशी बोलतो आणि भोवतीचा गाव त्याला हुंकार भरतो. शिंग आणि गाऱ्हाणे हे एकाच अंगणातले, एकामागून एक येणारे दोन आवाज. एकात ओठ थरथरतात, दुसऱ्यात कंठातल्या दोन घड्या. या दोन थरथरींचे नाते माणसाला फार उशिरा कळले. त्याचीच ही हकीकत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. शिंगात नुसती हवा सोडली तर काहीच वाजत नाही, नुसता फुसकारा ऐकू येतो. शिंग पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक मुलगा गाल फुगवून जोर लावतो आणि निराश होतो. जाणता वाजवणारा त्याला सांगतो की आधी ओठ मीट, मग मिटल्या ओठांतून वारा काढ. ओठ मिटलेले असतात, मागून छातीचा दाब येतो, ओठ ढकलले जाऊन उघडतात, हवेचा एक झोत निसटतो, दाब उतरतो, ओठांचा ताण त्यांना पुन्हा मिटवतो. सेकंदाला शे-दोनशे वेळा हे घडले की त्या तुटक झोतांचा सूर होतो. आवाज निर्माण होतो तो सलग वाऱ्याचे असे तुकडे पडल्यामुळे. कंठात शब्दशः हेच घडते. श्वासनलिकेच्या माथ्यावर, स्वरयंत्रात, मांसाच्या दोन मऊ घड्या समोरासमोर असतात. आपण त्यांना स्वरतंतू म्हणतो. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दोन सेंटीमीटरच्या आसपास, स्त्रियांत त्याहून कमी. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात, आणि खालून येणारा वारा त्यांना उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास.

शेजारची सनई या दोघांहून निराळी. तिथे ओठ नुसते धरून ठेवतात, थरथरते ती पात्यांची जोडी. म्हणजे पालखीपुढे वाऱ्याचे तुकडे पाडण्याच्या तीन रीती एकत्र चालतात आणि त्यांतल्या दोन निव्वळ मांसाच्या आहेत.

आपल्याकडे या दोन मांसल आवाजांचा विचार झाला होता का? झाला होता, पण वेगवेगळ्या दालनांत. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण याच्या पदरी, शार्ङ्गदेव होता. घराणे मूळ काश्मीरचे, काम दरबारच्या हिशेबाचे, विद्या संगीताची आणि वैद्यकाचीही. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ सात अध्यायांचा. पहिल्याच अध्यायात गर्भापासून देह कसा घडतो याचे सविस्तर वर्णन येते, कारण नाद देहातून निघतो आणि देह कळल्याशिवाय नाद कळणार नाही अशी त्याची धारणा होती. आत्मा मनाला प्रेरतो, मन देहातल्या अग्नीला चेतवते, अग्नी वायूला ढकलतो आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख अशा पायऱ्यांनी वर चढत ध्वनी होतो. मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात. गाणाऱ्याला सूर अंगात कुठे जाणवतो याचे हे अचूक टिपण आहे. आजही कोणताही गायक स्वतःच्या छातीवर आणि कपाळावर हात ठेवून त्याची खात्री करून घेऊ शकतो. शंख, शृंग, काहल ही फुंकून वाजवायची वाद्ये मात्र त्याच ग्रंथात थेट सहाव्या अध्यायात, सुषिर वाद्यांच्या वर्गात. पहिल्या आणि सहाव्या अध्यायांमध्ये वायू एकच आहे, पण मधला पूल नाही. तो बांधायचा तर कंठात डोकावावे लागले असते आणि तेराव्या शतकात जिवंत माणसाच्या कंठात डोकावण्याची सोय कुठेच नव्हती.

युरोपातही नव्हती. १७४१ मध्ये पॅरिसच्या अँत्वान फेराँ या वैद्याने कुत्र्यांची आणि माणसांची मृत स्वरयंत्रे घेऊन त्यांतून हवा फुंकली आणि त्यांना बोलके केले. तो काळ व्हायोलिनचा. फेराँला वाटले, कंठात दोन तारा आहेत आणि वारा म्हणजे त्यांवर फिरणारा गज. कल्पना सुंदर होती, म्हणूनच ती फार दिवस टिकली. पुढे शंभर वर्षांनी, १८३९ च्या सुमारास, बर्लिनच्या योहानेस म्युलर याने मृत स्वरयंत्र फळीवर पक्के बसवले, दोऱ्याला वजने टांगून त्यातल्या घड्या ताणल्या आणि खालून फुंकर घातली. वजन वाढले की सूर चढे. दाब वाढवला तरी सूर थोडा चढे. रबराच्या पातळ पट्ट्या नळीच्या तोंडावर ताणूनही त्याने तेच करून पाहिले. तारेला वाऱ्याने असे वाजवता येत नाही, इतक्या लहान तारेतून इतका खर्ज सूर निघत नाही. कंठातल्या घड्या वाऱ्याच्या वाटेवरचे दार आहेत, हे म्युलरच्या फळीवर ठरले.

पण ते ठरले मृत कंठांवरून. जिवंत गाता गळा पहिल्यांदा पाहिला तो एका गवयाने, आणि मला या साऱ्या हकीकतीतला सर्वांत जिव्हाळ्याचा माणूस तोच वाटतो. मॅन्युएल गार्सिया, स्पॅनिश घराण्यातला. वडील युरोपभर गाजलेले गायक, बहिणी मारिया मालिब्रान आणि पॉलीन व्हिआर्दो या त्यांच्याहून गाजलेल्या. स्वतः त्याचा गळा तरुणपणीच थकला आणि तो शिकवण्याकडे वळला. स्वीडनची जेनी लिंड बिघडलेला आवाज घेऊन त्याच्याकडे आली, तेव्हा त्याने आधी तिला कित्येक आठवडे गप्प बसायला लावले आणि मग नव्याने शिकवले. गळ्यात काय होते ते न पाहता गळा शिकवायचा, ही त्याची रोजची तगमग असणार. १८५४ साली सुटीत पॅरिसला असताना पालेरॉयालच्या बागेत फिरता फिरता खिडकीच्या काचांवर चमकलेले ऊन त्याने पाहिले आणि त्याला दोन आरसे सुचले. शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या शारियेर यांच्या दुकानातून त्याने दांड्याचा एक छोटा दंतवैद्यकी आरसा घेतला. तो गरम पाण्यात बुडवून, पुसून, पडजिभेला टेकवला. दुसऱ्या हातातल्या आरशाने उन्हाची तिरीप त्याच्यावर टाकली. आणि स्वतःचाच कंठ, उघडा, त्याच्यासमोर आला. मग त्याने सूर लावला आणि आजवर ज्या घड्या फक्त मृतदेहात पाहिल्या गेल्या होत्या त्या गाताना पाहिल्या. १८५५ मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. वैद्यांनी तो आरसा उचलला आणि घशाच्या वैद्यकाची एक शाखाच त्यातून उभी राहिली. गार्सिया १९०६ पर्यंत, एकशे एक वर्षे जगला. केशवसुत त्याच्या आदल्याच वर्षी, १९०५ मध्ये, हुबळीला प्लेगने गेले होते, वयाच्या चाळिशीआधीच.

ओठ आणि कंठ यांना एका वाक्यात आणणारा माणूस मात्र गवई नव्हता. हर्मान हेल्महोल्ट्झ हा मुळात लष्करी वैद्य. डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र त्याने १८५१ मध्येच बनवले होते. १८६३ मध्ये सुरांच्या संवेदनेवरचा त्याचा मोठा ग्रंथ आला. त्यात फुंकून वाजणाऱ्या वाद्यांची मांडणी करताना त्याने पितळी वाद्ये वाजवणाऱ्याचे ओठ आणि गाणाऱ्याचा कंठ हे दोन्ही एकाच वर्गात घातले. वाऱ्याच्या वाटेवर मऊ पडद्याची जीभ असलेली वाद्ये, असा तो वर्ग. इतक्यावरच तो थांबला असता तर ती नुसती वर्गवारी झाली असती. पण त्याने लगोलग दोघांतला भेदही सांगितला. ओठ जड, ओलसर, मंद; स्वतःच्या बळावर त्यांना सूर नीट धरता येत नाही, म्हणून पुढची नळी त्यांना आपल्या चालीने चालवते. कंठातल्या घड्यांचा ताण हवा तसा बदलता येतो, म्हणून तिथे सूर घड्या ठरवतात आणि पुढची पोकळी सूर बदलण्याच्या कामाची नाही.

हा भेद मला या विषयाचा गाभा वाटतो, म्हणून इथे थोडे रेंगाळायला हवे.

शिंगाशिवाय नुसते ओठ फुरफुरवले तर सूर हवा तसा घसरवता येतो, खालून वर, वरून खाली, अगदी मींड घ्यावी तसा. तेच ओठ शिंगाला लावले की घसरण संपते आणि पायऱ्या सुरू होतात. कारण असे की ओठांतून सुटलेला झोत नळीतून धावत शिंगाच्या रुंद तोंडाशी पोचतो, तिथे त्यातला काही भाग बाहेर पडतो आणि बराचसा उलटून पुन्हा ओठांशी येतो. ओठांच्या पुढच्या उघडण्याशी त्याचा मेळ बसला तर तो ओठांना मदत करतो, नाही बसला तर अडवतो. मेळ बसण्याच्या जागा नळीच्या लांबीने ठरलेल्या असतात. दोन मीटर लांबीची, पुढे रुंदावत जाणारी नळी धरली तर त्या जागा ढोबळ मानाने सेकंदाला ८६ कंपनांच्या पटीत येतात : १७२, २५८, ३४४, ४३०, ५१६. यांतल्या १७२ ला षड्ज म्हणा. पुढची पायरी पंचम, तिच्यापुढची तार षड्ज, मग तार सप्तकातला गंधार आणि त्यानंतर पंचम. ऋषभ नाही, मध्यम नाही, धैवत नाही. घडवलेल्या प्रत्येक शिंगात हे गणित तंतोतंत उतरत नाही, कारण नळी कुठे किती रुंदावते यावर पायऱ्या थोड्या हलतात. तरी शिंगाची ललकारी कान देऊन ऐकावी, ती या मोजक्याच पायऱ्यांवर उड्या घेते. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो आणि शिंगात ८६ च्या पाचव्या पटीवर येणारा गंधार, दोघांचे कूळ एक. तो कोणी लावलेला नसतो, निसर्गाने तिथे ठेवलेला असतो. हे कळल्यापासून मला शिंगाचा आवाज रांगडा म्हणवत नाही.

शंखाची गोष्टही हीच, फक्त पायऱ्या त्याहूनही कमी. फ्रान्समधल्या मार्सुला गुहेत सापडलेल्या सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वीच्या एका शंखातून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी वाजवून घेतले तेव्हा तीन सूर निघाले. ओठांनी सूर काढण्याची विद्या किती जुनी असावी याची त्यावरून कल्पना येते.

आता कंठ. कंठाच्या वरची नळी, म्हणजे घसा आणि तोंड, प्रौढ पुरुषात सतरा सेंटीमीटरच्या आसपास. इतक्या आखूड नळीची पहिली मेळाची जागा सेकंदाला ५०० कंपनांच्या आसपास येते आणि बोलताना घड्या त्याच्या पुष्कळ खाली हलत असतात. शिवाय ही नळी मऊ, ओली, बाजूंनी आवाज शोषणारी. तिच्याकडून उलटून येणारा धक्का दुबळा. म्हणून घड्या तिच्या कह्यात जात नाहीत. त्या हव्या त्या सुरावर हलतात, श्रुतीश्रुतीने सरकतात, आंदोलन घेतात. नळी फक्त त्या सुरातले कोणते अंश उजळायचे ते ठरवते. जीभ पुढे नेली तर ‘ई’, ओठ गोल केले तर ‘ऊ’. सूर एका जागी, स्वरवर्ण दुसऱ्या जागी. गाऱ्हाण्यात शब्द असतात आणि शिंगात नसतात, याचे कारण इतकेच आहे.

पंचम आणि गंधारावर अडकलेल्या ओठांना सगळे सप्तक हवे असेल तर नळीची लांबी वाजवता वाजवता बदलावी लागते. १८१५ च्या सुमारास जर्मनीत श्ट्योल्झेल आणि ब्लूमेल यांनी पितळी वाद्यांना दट्टे बसवले आणि हे साधले. दट्टा दाबला की नळीचा एक जादा तुकडा वाटेत येतो. कॉर्नेट, युफोनियम, ट्रंपेट यांना सगळे स्वर मिळाले आणि लष्करी बँड जगभर पसरले. आपल्याकडे ते पलटणींबरोबर आले आणि गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या वादकांबरोबर मुंबईत रुजले. तिथून बँड लग्नात शिरला, मिरवणुकीत शिरला, आणि गळ्यासाठी बांधलेल्या चाली ओठांवर आल्या.

रत्नागिरीत ओठांची आणि गळ्याची या दोन धारा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या त्या १९२४ ते १९३७ या काळात. येरवड्यातून सुटलेल्या सावरकरांना सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध केले होते. राजकारणाला मनाई होती, म्हणून त्यांनी समाजकारण हाती घेतले. सहभोजने, शाळांतून मुलांना एकत्र बसवणे, भागोजी कीर यांनी बांधून दिलेले आणि १९३१ मध्ये उघडलेले पतितपावन मंदिर, हे सारे सर्वश्रुत आहे. त्याच खटपटीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या तरुणांना बँडची वाद्ये मिळवून देऊन त्यांचे पथक उभे करणे हेही होते. हेतू पोटापाण्याचा होता आणि त्यामागे हिंदू संघटनेचा त्यांचा आग्रहही होता. मला या घटनेचे मोल आणखी एका कारणाने वाटते. सोवळ्याओवळ्याचा जाच सर्वांत जास्त ज्या अवयवावर चालतो तो म्हणजे तोंड. कोणाचे उष्टे, कोणाच्या ओठांना लागलेले, कोणाच्या हातचे पाणी. आणि बँड म्हणजे तर ओठांनीच वाजवायचे वाद्य. ज्या ओठांच्या स्पर्शाला गाव भीत होता, त्या ओठांचा सूर वरातीच्या अग्रभागी गेला.

त्याच वर्षांत सावरकर नाटकेही लिहीत होते. १९२७ मध्ये ‘संगीत उःशाप’ आले, १९३१ मध्ये ‘संगीत संन्यस्त खड्ग’. दुसरे नाटक बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. ही मंडळी १९१८ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी काढलेली. चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या, म्हणजे सावंतवाडीच्या मातीतल्या. गळा दीनानाथांचा, म्हणजे गोव्यातल्या मंगेशीचा. कोकणपट्टीतल्या या दोन जागा रत्नागिरीत लिहिल्या गेलेल्या नाटकाने जोडल्या. दीनानाथांच्या गाण्याबद्दल त्यांना ऐकलेल्या पिढीने लिहून ठेवले आहे ते त्यांच्या उंच पट्टीबद्दल, विजेसारख्या तानांबद्दल, आवाजातल्या धारेबद्दल.

ही धार म्हणजे काय, हे आता सांगता येते. घड्या उघडतात सावकाश आणि मिटतात झटकन. मिटणे जितके झटक्याचे आणि पक्के, तितके त्या सुरात वरचे अंश जास्त. आपला कान सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो. स्वीडनच्या योहान सुंडबेरी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की पाश्चात्त्य ऑपेरा गायक घशाची ठेवण बदलून याच पट्ट्यात आवाजाचा जोर एकवटतात आणि भल्या मोठ्या वाद्यवृंदावरून ऐकू येतात. आपल्या नाट्यगायकांची रीत वेगळी आणि त्यांच्यामागे ऑर्गन, सारंगी आणि तबला एवढाच मेळ. पण ध्वनिक्षेपक नसलेल्या थिएटरात शेवटच्या बाकापर्यंत पद पोचवण्याची गरज तीच. आणि तान? बँडमधला कॉर्नेटवाला एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला बोटांनी नळी बदलतो आणि ओठांचा ताण तिच्या मापाचा करतो. गायक एका इवल्या कूर्चेला झुकवून घड्या ताणतो आणि सैल सोडतो, बाहेरून काहीही दिसत नाही. नाट्यपद बँडवर वाजले की चाल ओळखू येते, मुरकी मात्र हरवते. दोष वादकाचा नाही. दट्ट्याच्या वाद्यात दोन स्वरांच्या मधली जागा ओठांना फारशी राहूच दिलेली नसते.

महाराष्ट्रात या काळात संगीताचे शास्त्र जोमाने शोधले जात होते, पण त्याचा ओढा दुसरीकडे होता. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, तारेची लांबी मोजून. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गळ्यातून श्रुती दाखवून दिल्या. म्हणजे मोजमाप तारेचे आणि साक्ष गळ्याची. गळा स्वतः कसा चालतो याकडे लक्ष दिले ते प्रा. बी. आर. देवधरांनी. १९२५ पासून मुंबईत त्यांचे संगीत विद्यालय होते, पाश्चात्त्य संगीताचा आणि आवाज जोपासण्याच्या तिकडच्या शास्त्राचा त्यांनी अभ्यास केला, आणि पुढे अशोक दा. रानडे यांनी तो विचार आणखी विस्ताराने मांडला. गळ्याला गुरू मिळाले, घराणी मिळाली, लेखक मिळाले. शिंग वाजवणाऱ्याच्या ओठांबद्दल कोणी काही लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. नाट्यगायकाचे नाव जाहिरातीत ठळक छापले जाई. पालखीपुढे शिंग कोण फुंकतो हे फक्त त्याच्या गावाला ठाऊक असे. मला ही मराठी संगीतलेखनातली मोठी उणीव वाटते.

ओठांकडे शास्त्रज्ञाची नजर वळली ती १९४२ मध्ये, ज्या वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात दीनानाथ गेले. अमेरिकेत डॅनियल मार्टिन यांनी कॉर्नेटला पारदर्शक मुखनळी बसवली आणि लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडात वाजत्या ओठांची छायाचित्रे घेतली. दिसले असे की दोन्ही ओठ सारखे हलत नाहीत. बहुतेक काम वरचा ओठ करतो, खालचा त्याला टेका देतो. कंठात असे नसते. निरोगी कंठात डावी आणि उजवी घडी एकमेकीच्या प्रतिबिंबासारख्या हलतात आणि तसे न झाले तर आवाज घोगरा होतो.

कंठाबद्दलचा शेवटचा मोठा वाद १९५० मध्ये पेटला. फ्रान्सच्या राऊल ह्यूसाँ यांनी मांडले की घड्यांचे प्रत्येक उघडणे मेंदूच्या आज्ञेने होते. मज्जातंतू दर कंपनाला एक ठोका पाठवतो. खरे असते तर ओठ आणि कंठ यांचे नाते तिथेच तुटले असते, कारण ओठांना कोणी सेकंदाला दोनशे आज्ञा पाठवत नाही. नेदरलँड्सच्या यानविलेम फान डेन बर्ख यांनी हे मत प्रयोगांनी खोडून काढले. मृत स्वरयंत्र, ज्याला मेंदूच नाही, ते फुंकल्यावर वाजते हे तर म्युलरपासून माहीत होते. शिवाय डाव्या घडीकडे जाणारा मज्जातंतू छातीत उतरून, महाधमनीला वळसा घालून वर येतो, उजवीकडचा त्याहून आखूड वाटेने. आज्ञा दोघींना एकाच क्षणी पोचणे अवघड. १९५८ मध्ये फान डेन बर्ख यांनी आपली मांडणी प्रसिद्ध केली. स्नायू घड्यांना जवळ आणतात आणि ताण ठरवतात, पुढचे सगळे वारा आणि मांसाची लवचीकता मिळून करतात. १९७० च्या दशकात जपानच्या मिनोरू हिरानो यांनी दाखवले की घडी एकसंध नसते. आत स्नायूचा गाभा आणि वर सैल, ओलसर त्वचेचे आवरण असते. गाताना त्या आवरणावरून खालून वर लाट जाते, खालची कड आधी उघडते, वरची मागाहून. घसा कोरडा पडला की सूर का बिघडतो आणि गवई कोमट पाणी जवळ का ठेवतो, ते या लाटेवरून समजते. ओठांचाही अभ्यास पुढे गेला. १९९५ मध्ये जपानच्याच शिगेरू योशिकावा यांनी दाखवले की खालच्या सुरांना ओठ दारासारखे बाहेर ढकलले जातात आणि वरच्या सुरांना त्यांची हालचाल पालटून वर-खाली होऊ लागते. शिंगवाला वरच्या पायरीसाठी ओठ आवळून कोपरे घट्ट धरतो, त्यामागे हे आहे.

या सगळ्या शास्त्राची परीक्षा घ्यायची तर शिमग्यात पालखीभेटीला जावे. दोन गावांच्या पालख्या सीमेवर समोरासमोर येतात, खांद्यांवर नाचतात, एकमेकींना टेकतात, आणि दोन्हीकडची शिंगे एकदम वाजतात. समजा एका शिंगाची नळी दोन मीटर आहे आणि दुसऱ्याची वीतभर जास्त. मग त्यांच्या षड्जांत कोमल ऋषभाहून जास्त आणि शुद्ध ऋषभाहून कमी असे अंतर पडते. कसलेला वाजवणारा ओठ आवळून किंवा सैल सोडून सूर थोडा वाकवेल, पण एवढे अंतर भरून काढणे त्याच्या हाती नाही. त्याच्या ओठांना त्याच्याच गावच्या नळीचे ऐकावे लागते. म्हणून दोन शिंगे एकमेकांना घासत, कंप पावत वाजत राहतात. मग वाद्ये थांबतात आणि दोन्ही गावांतली माणसे मिळून देवाचे नाव घेतात. कोणी पट्टी ठरवून दिलेली नसते. दुसऱ्याच क्षणी पाच-पन्नास गळे एकमेकांचे ऐकून, कंठातल्या घड्या केसभर ताणून किंवा ढिल्या सोडून, एका षड्जावर आलेले असतात.